फुलांनी सजलेला रांजण

एका घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं, आणि त्या गावाला एक कारभारी होता. गाव तसं लहान, पण कारभाऱ्याचं नाव मोठं. घाटाखालच्या मुलखातही कोणी ते घेतलं की ऐकणारा जरा सावरून बसायचा.

नाव मोठं व्हायला कारणंही तशीच होती. पूर्वी तो घाट म्हणजे नुसती बकऱ्यांची वाट होती. कारभाऱ्याने लोक जमवले, पहार हातात घेतली आणि बैल चढू शकेल असा रस्ता केला. गावाच्या वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं गायरानावरून पिढीजात भांडण होतं, ते त्याने दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका ओट्यावर बसवून मिटवलं. आणि माथ्यावर, उंबराच्या झाडाखाली, त्याने पाणपोई घातली. दोन मोठे रांजण मातीत अर्धे पुरलेले, वर लाकडी झाकण आणि दांड्याची पळी. घाट चढून आलेल्या माणसाची जीभ टाळूला चिकटलेली असते. त्याला त्या रांजणातलं पाणी मिळालं की तो डोळे मिटून घ्यायचा.

ते पाणी भरायचं कोण? कारभारी आणि कारभारीण. झरा डोंगराच्या मागच्या उतारावर होता. दोघं पहाटे खांद्यावर आणि डोक्यावर घागरी घेऊन जायची, पुन्हा उन्हं उतरल्यावर जायची. गावातलं कोणी कधी म्हणालं, "कारभारी, आम्ही येऊ का?" की तो हसायचा आणि म्हणायचा, "या की." पण आलं कोणी नाही. विचारलं यातच त्यांना बरं वाटायचं. तोही कधी कोणाच्या मागे लागला नाही. ही त्याची चूकच होती असं मला वाटतं, पण मोठ्या माणसांच्या चुका त्यांच्या बायकांना फेडाव्या लागतात.

एक मात्र होतं. हार घालून घ्यायचा त्याला भारी संकोच. एकदा घाटातून जाणाऱ्या एका सरदाराने पाणी पिऊन खूश होऊन आपल्या गळ्यातला मोगऱ्याचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला. सरदाराची पाठ वळताच कारभाऱ्याने तो काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीवानाच्या बैलाच्या शिंगांना अडकवला. "घाट यानं चढलाय, मी नाही," म्हणाला. आणि आभार मानणाऱ्या प्रत्येकाला त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "पाणी प्या आणि पुढं व्हा. घाट लांब आहे."

असा हा माणूस एका उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेला.

गाव खरोखर रडलं. त्यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट ऐकून तुम्ही गावाला नावं ठेवाल. ज्या ओट्यावर तो बसायचा, त्याच ओट्यावर उंबराखाली लोकांनी फुलं वाहिली. खालच्या मुलखातून माणसं झेंडू घेऊन आली, कोणी कण्हेर आणली, कोणी परसातला एकुलता एक गुलाब आणला. ओटा दिसेनासा झाला. रांजणांच्या गळ्यातही हार पडले, कारण रांजण त्याचेच ना!

कारभारीण उंबराला टेकून हे सगळं बघत होती. पोटी मूल नव्हतं, घरात आता ती एकटी. एवढी माणसं आपल्या माणसासाठी आली, हे बघून तिच्या दुःखाला जरा टेका मिळाला. तिने येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडले.

तेरावा झाला. फुलं काही थांबली नाहीत.

त्या गावात एक रीत होती. देवाचं निर्माल्य गुरव नेऊन सोडायचा. पण गेलेल्या माणसाच्या मानाची फुलं मात्र त्याच्या घरच्याच माणसाने, आपल्या हाताने, घाटाखालच्या डोहात सोडायची. पायदळी येऊ द्यायची नाहीत, उकिरड्यावर टाकायची नाहीत, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाहीत. आणि ज्या फेरीत ती फुलं नेली त्या फेरीत पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. साध्या माणसाच्या वाट्याला फुलं येऊन येऊन किती येणार? दहाव्याला एक टोपली, तेराव्याला एक, संपलं. ही रीत ज्याने घातली, त्याने एवढा मोठा माणूस गावात जन्माला येईल असं धरलंच नव्हतं.

गुरवाने कारभारणीला रीत समजावून सांगितली. तिने मान डोलावली आणि टोपली डोक्यावर घेतली.

तेव्हापासून तिचा दिवस असा झाला. सकाळी ओट्यावरची सुकलेली फुलं गोळा करायची, टोपली भरायची, घाट उतरायचा, डोहात फुलं सोडायची, घाट चढायचा. वर येऊन धाप टाकत बसते तोवर ओटा पुन्हा भरलेला असायचा. पहिले काही दिवस ती त्यानंतरही मागच्या उताराला जाऊन घागर आणायची. मग एक दिवसाआड जाऊ लागली. मग पाऊस लागला, वाटेवर जिकडेतिकडे ओहोळ वाहू लागले आणि रांजणाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पण डोंगरउतारावर रानफुलं मात्र अमाप आली आणि ती तोडायला पैसाही पडत नव्हता. टोपल्या वाढल्या. कारभारणीचे पाय चिखलात रुतायचे आणि डोक्यावरून ओल्या फुलांचं पाणी मानेवर गळायचं.

"अक्का, नको म्हणून सांगा की त्यांना," शेजारीण एकदा तिच्या पायाला तेल चोळता चोळता म्हणाली.

"कसं सांगू गं?" कारभारीण म्हणाली. "त्यांच्या नावानं आलेलं फूल. नको म्हटलं तर म्हणतील, बायकोलाच जड झालं."

"जड झालंय ना पण?"

कारभारीण बसल्या जागी झोपली होती.

हिवाळ्यात तिने पाटलाकडे एकदा विषय काढला. पाटील माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं मोठं लागायचं. कारभाऱ्याच्या ओट्यावर कोणाचा हार मोठा, यावरून आता वरच्या आणि खालच्या आळीत चढाओढ लागली होती आणि पाटील दोन्हीकडच्यांना शाबासकी देत होता.

"भावजी, दमते हो मी हल्ली," ती म्हणाली.

"दमणारच, वहिनी," पाटील म्हणाला. "पण भाग्य केवढं! कोणाच्या नशिबी येतं असं? राजा गेला तरी वर्षभर फुलं येत नाहीत."

"पाणपोईचं पण बघायला पाहिजे कोणीतरी."

"पाणपोई ना? ती चालूच आहे की. कारभाऱ्यांची पाणपोई बंद पडेल होय कधी!" असं म्हणून पाटलाने रांजणांकडे बघून हात जोडले. रांजणांच्या गळ्यात ताजे हार होते. झाकण उचलून बघावं असं त्याला वाटलं नाही. खरं सांगायचं तर इतक्या महिन्यांत गावातल्या कोणालाच तसं वाटलं नव्हतं.

पुढे बोलायलाही थोडी ताकद लागते. कारभारीण घरी गेली, गार भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी टोपली उचलली.

वर्ष फिरून आलं. वैशाख सरत आला होता आणि ऊन असं पडलं होतं की घाटातले दगड चटके देत होते. वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि पाटलाने ठरवलं की या वेळचा हार असा करायचा, की तो ओट्यावरून निघून दोन्ही रांजणांना वेढा घालून पुन्हा ओट्यावर आला पाहिजे. खालच्या मुलखातल्या एका फुलवाल्याला सांगावा गेला.

फुलवाला हार घेऊन आदल्या दिवशी निघाला. हार ओल्या फडक्यात गुंडाळून, मोठ्या पाटीत ठेवून, पाटी डोक्यावर. निघताना त्याच्याजवळ पाण्याची चामडी पिशवी होती. अर्ध्या घाटात फडकं वाळलं, फुलं माना टाकू लागली. फुलवाल्याने पिशवीतलं पाणी स्वतः न पिता फुलांवर शिंपडलं. माथ्यावर कारभाऱ्यांची पाणपोई आहे, हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. तिथे पोटभर पिऊ, असा विचार त्याने केला.

भर दुपारी तो माथ्यावर पोहोचला. लांबूनच त्याला हारांनी सजलेले रांजण दिसले आणि त्याच्या पायांत बळ आलं. त्याने पाटी ओट्याला टेकवली, झाकण उचललं आणि पळी आत घातली. पळी तळाला खडखडली. त्याने दुसऱ्याचं झाकण उचललं. आत एक वाळकं झेंडूचं फूल आणि कोळ्याचं जाळं होतं.

त्या वेळी कारभारीण डोहाकडून घाट चढत होती. डोक्यावर रिकामी टोपली होती. ऊन सोसेना म्हणून तिने डोहात पदर भिजवून डोक्यावर घेतला होता. माथ्यावर येऊन बघते, तर रांजणाला टेकून एक माणूस आडवा पडलेला. डोळे पांढरे, ओठ फुटलेले. त्याच्या तोंडात मोगऱ्याची फुलं होती. त्याने हारातली ओली फुलं तोडून चोखायचा प्रयत्न केला होता.

कारभारीण रांजणाकडे धावली, आणि मग उभी राहिली. रांजणात काय आहे ते तिच्याएवढं कोणाला माहीत होतं? हातात घागर नव्हती, टोपली होती, आणि टोपलीत पाणी राहत नाही. तिने डोक्यावरचा पदर ओढला, त्या माणसाच्या तोंडातली फुलं बोटाने काढली आणि पदर पिळला. चार थेंब पडले, मग आणखी चार. ती पिळत राहिली आणि गावाच्या दिशेने तोंड करून ओरडत राहिली. वर्षभरात तिचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नव्हता.

माणसं धावत आली. शेजारणीने घरातून तांब्या आणला. पाटील आला, फुलवाला गेला की काय या भीतीने त्याचा चेहरा उतरला होता. घोट घोट पाणी पोटात गेलं, तसा फुलवाला डोळे उघडून बघू लागला. त्याला ओट्याला टेकवून बसवल्यावर कारभारीण त्याला म्हणाली, "बाबा, चूक झाली आमची."

फुलवाला हळू आवाजात म्हणाला, "तसं नाही, माय. मी हार बघितले नि वाटलं, भरलेला असणार. रिकाम्या भांड्याला कोण हार घालतं?"

पाटलाने एका रांजणाचं झाकण उचललं, आत बघितलं आणि सावकाश परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध होतं. गाव जमलं. गुरव तयार होता आणि रात्रभर पाणी मारून जगवलेला हार पाटलाच्या हातात होता. झाल्या प्रकाराचं सगळ्यांना वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटून झाल्यावर माणसं पुन्हा ठरलेल्या कामाला लागतात, तशी तीही लागली होती.

कारभारीण घरातून आली. तिने ओट्यावरची जुनी फुलं गोळा केली. दोन्ही रांजणांच्या गळ्यातले हार काढले. सगळं टोपलीत भरलं. मग ती टोपली तिने डोक्यावर घेतली नाही, लोकांच्या समोर जमिनीवर ठेवली.

"ही शेवटची," ती म्हणाली. "ही मी नेईन. यापुढे फूल आणू नका."

कुजबुज सुरू झाली. गुरव म्हणाला, "माई, असं कसं? रीत आहे."

"रीत फुलं नेण्याची आहे, गुरवबाबा. फुलं आणलीच पाहिजेत अशी रीत कुठं आहे?"

"पण लोक काय म्हणतील?" पाटील म्हणाला. "एका वर्षात कारभाऱ्यांना विसरले, असंच म्हणतील ना?"

हे ऐकलं आणि त्या थकलेल्या बाईला राग आला. वर्षभर राग यायलाही तिला सवड झाली नव्हती.

"विसरलातच तुम्ही," ती म्हणाली. "त्यांनी बांधलेल्या रस्त्यावर पावसाळ्यात दरड आली, ती अजून तशीच आहे. मी रोज तिच्यावरून चढते, मला माहीत आहे. त्यांनी मिटवलेलं भांडण तुम्ही हारांवरून पुन्हा उकरून काढलंत. आणि त्यांचा रांजण... तो तर तुम्ही काल बघितलाच." ती पाटलाकडे वळली. "भावजी, माझा नवरा एकदा गेला. त्याला एकदाच पोहोचवायचं असतं. तुमच्या फुलांनी मला रोज त्याला डोहात सोडून यायला लावलं. मी दमले. तुम्ही रागवा, मला नावं ठेवा, पण मी आता दमले."

एवढं बोलून ती ओट्याच्या कडेला बसली.

शेजारीण पुढे झाली आणि म्हणाली, "अक्का, मग आणायचं तरी काय? रिकाम्या हातानं कसं यायचं त्यांच्याकडे?"

"घागर आणा," कारभारीण म्हणाली. "ज्याला त्यांची आठवण येईल त्यानं एक घागर आणावी. घागर झेपत नसेल त्यानं दरडीचा एक दगड बाजूला करावा. तेही होत नसेल तर दुसऱ्या आळीतल्या कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन दोन गोष्टी बोलाव्या. त्यांना मोठं काही लागायचं नाही."

काही माणसं तिथूनच परत गेली. फुलालासुद्धा नाही म्हणणारी ही कसली बाई, असं पुटपुटत गेली. त्यांतली काही पुढे कधीच आली नाहीत, तेही सांगायला हवं. पाटील मात्र हातात तो लांबलचक हार घेऊन उभाच राहिला. ठेवावा तर कुठे ठेवावा त्याला कळेना.

तेव्हा गर्दीतला एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "पाटील, कारभारी असते तर माझ्या बैलाच्या शिंगांना घातला असता. मागं एकदा घातलाच होता."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. कारभारणीच्या तोंडावरही काहीतरी हललं. पाटलाने इकडेतिकडे बघितलं आणि मग मुकाट्याने जाऊन तो हार बैलांच्या शिंगांना गुंडाळला. हार एवढा लांब होता की दोन्ही बैलांना पुरून उरला, आणि उरलेला भाग बैलांनीच खाऊन टाकला.

मग पाटलाने घरून घागर मागवली. जन्मात कधी त्याने घागर उचलली नव्हती. मागच्या उतारावरून झऱ्याचं पाणी घेऊन तो वर आला तेव्हा अर्धी घागर त्याच्या अंगरख्यावर सांडली होती आणि पागोटं वाटेत पडलं होतं. उरलेली अर्धी त्याने रांजणात ओतली. रांजणाचा तळही नीट भिजला नाही. पाटील वाकून आत बघत म्हणाला, "वहिनी, एवढ्या मोठ्या रांजणाला रोज तुम्ही दोघंच?"

"दोघंच," ती म्हणाली.

पाटलाने घागर पुन्हा उचलली आणि उताराला लागला. त्याच्यामागे शेजारीण गेली, मागून गुरव गेला. फुलवाला उठू लागला, त्याला सगळ्यांनी दटावून खाली बसवलं.

कारभारणीने शेवटची टोपली डोहात सोडली आणि ती परत आली, तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ओट्यावर एकही फूल नव्हतं. ज्या दगडावर तो बसायचा, मधोमध जरा झिजलेला, तो दगड तिला वर्षाने दिसला. तिने त्यावर हात फिरवला. मग तिथेच, उंबराच्या सावलीत, ती आडवी झाली आणि तिला झोप लागली.

थोड्या वेळाने घाट चढून एक वाटसरू आला. तहानेने कासावीस झालेला. "अहो, पाणी आहे का?" असं तो मोठ्याने म्हणणार, एवढ्यात झऱ्यावरून आलेल्या शेजारणीने ओठांवर बोट ठेवलं आणि झोपलेल्या बाईकडे खूण केली. तिच्यामागे आणखी दोघी घागरी घेऊन उभ्या होत्या. आवाज होऊ नये म्हणून त्या पाणी रांजणाच्या काठाकाठाने, अगदी बारीक धारेने सोडत होत्या.

वाटसरू पळीभर पाणी प्याला, आणखी एक पळी प्याला, आणि त्याने डोळे मिटून घेतले. मग त्याने त्या उघड्या ओट्याकडे बघून हळूच विचारलं, "इथं कोणी थोर माणूस होऊन गेला म्हणतात, त्याची जागा कुठली? चार फुलं वाहीन म्हणतो."

शेजारणीने त्याच्याकडे बघितलं, भरत आलेल्या रांजणाकडे बघितलं आणि पदराने कपाळाचा घाम पुसला.

"पाणी प्यालात ना?" ती म्हणाली. "मग पुढं व्हा. घाट लांब आहे."

तात्पर्य: थोर माणूस गेला की त्याच्या ओट्यावर फूल ठेवण्याआधी त्याची घागर आता कोणाच्या डोक्यावर आली आहे ते बघावं, आणि ती थोडा वेळ आपल्या डोक्यावर घ्यावी.